दुरून कुपवाड सुधारण्याचं पहिलं पुस्तक

ज्यांच्या पासपोर्टावर नुकताच व्हिसा उमटलाय, ज्यांची बॅग 23 किलोच्या वर गेली आहे आणि तरीही आई त्यातलं भडंग काढू देत नाही, त्यांच्यासाठी ही पुस्तिका आहे. जाऊन दहा वर्षं झालेल्यांनी चाळायला हरकत नाही. यातली एकही चूक आपण केली नाही असं त्यांना वाटेल. तेही अभ्यासक्रमातच आहे.

लेखकाची पात्रता म्हणाल तर मी कुपवाडचा. 1998 मध्ये सांगली, मिरज आणि आम्ही अशी तिघांची मिळून एक महापालिका झाली. तिच्या नावात आम्ही शेवटी येतो, आणि घाईतला माणूस आम्हाला गाळतो. श्टुटगार्टच्या ऑफिसात पहिल्या दिवशी गाव विचारलं तेव्हा मी ‘सांगली’ म्हणालो. मग ‘पुण्याजवळ’. मग ‘मुंबईजवळ’. पावणेचारशे-चारशे किलोमीटर म्हणजे जवळच की. गाव सोडून दोन दिवस व्हायच्या आत मी ते तीनदा हलवलं होतं. ज्याला गाव इतकं सहज हलवता येतं त्याला ते सुधारणं काय अवघड?

साहित्य

एक परदेश. एक मोबाईल. घरच्यांचा व्हॉट्सॲप गट, त्यात किमान दोन काका. एक प्रश्न, शक्यतो पाणी, कचरा किंवा रस्ता. सुरुवातीला काश्मीर घेऊ नये. आणि वेळेचा फरक. जर्मनी हिवाळ्यात भारताच्या साडेचार तास मागे असते. तिथं रात्री साडेबाराला तुम्ही देशाबद्दल दोन परिच्छेद लिहून झोपायला जाता, तेव्हा कुपवाडात पाच वाजलेले असतात आणि नळाला पाणी आलेलं असतं. हा मुद्दा पुढे लागेल, लक्षात ठेवा.

परदेश विमानानंच गाठावा लागतो असंही नाही. आमच्याच जिल्ह्यातले खानापूर-आटपाडीकडचे गलाईवाले पिढ्यान् पिढ्या सोनं-चांदी गाळायला देशाच्या कुठल्या कुठल्या शहरांत जाऊन राहिले. तिकडं दुष्काळ होता म्हणून गेले. पण त्यांच्यापैकी कुणी ‘आपल्याकडे सिस्टीमच नाही’ असं लिहून पाठवल्याचं माझ्या ऐकिवात नाही. ते जत्रेला येतात.

पायरी पहिली : जाण्याआधी काहीही दिसू देऊ नका

हे आपोआप जमतं. मी पंचवीस वर्षं कुपवाडात राहिलो आणि मला एकही समस्या आढळली नाही. पाणी पहाटे यायचं. पहाट ही त्यासाठीच असते अशी माझी समजूत होती. एमआयडीसीतल्या फौंड्रीतून वडील, म्हणजे आण्णा, काळे होऊन यायचे आणि अंघोळीला गरम पाणी तयार असायचं. ते कोण तापवतं हा प्रश्न परीक्षेला नव्हता. ‘समस्या’ हा शब्द पेपरात असतो, गल्लीत नसतो. गल्लीत फक्त ‘आलं का?’ आणि ‘गेलं का?’ असतं. त्या दोन प्रश्नांच्या मधल्या वेळात घागरी, बादल्या, निळं बॅरेल, मोटरचा आवाज असं सगळं उरकायचं आणि मी त्या सगळ्यातून गाढ झोपायचो. अभ्यास करणाऱ्या मुलाला उठवू नये, असा घरात नियम होता.

पायरी दुसरी : फुटपाथचा फोटो

पोचल्यावर तिसऱ्या दिवशी रिकाम्या फुटपाथचा फोटो काढून गटावर टाका. खाली ‘बघा’ एवढंच लिहा. काकांचं उत्तर येईल, ‘छान. जेवलास का?’ खचू नका. दुसऱ्या दिवशी बसथांब्यावरचं वेळापत्रक टाका, ज्यात 7.42 अशी वेळ असते. नळाचं पाणी थेट पिता त्याचा व्हिडिओ टाका. त्यावर आई विचारेल, ‘उकळून घेत नाहीस व्हय?’

या काळात दोन गोष्टी घटवून घ्यायच्या. पहिली म्हणजे ‘सिस्टीम’ हा शब्द. आपल्याकडे सिस्टीम नाही, हे वाक्य कुठल्याही विषयावर चालतं, आणि त्याला प्रतिप्रश्न करणारा माणूस अजून जन्माला यायचाय. दुसरी गोष्ट अवघड आहे. ‘आपल्याकडे’ हा शब्द. जाताना तो कुपवाडात असतो. दीड-दोन वर्षांत तुमच्या नकळत तो जागा सोडतो. एकदा फोनवर मी आण्णांना सांगत होतो, “आपल्याकडे कसंय, काच वेगळी, कागद वेगळा, ओला कचरा वेगळा.” पलीकडे जरा शांतता झाली. मग आण्णा म्हणाले, “आपल्याकडं म्हंजे?”

मी विषय बदलला. तुम्हीही बदला.

पायरी तिसरी : पहिली सुट्टी

पुण्याहून घरी येताना गाडीच्या काचेतून बाहेर बघत राहा आणि दर वीस मिनिटांनी ‘अरे बापरे’ म्हणा. ड्रायव्हरला बेल्ट लावायला सांगा. घरी पोचल्यावर बाटलीबंद पाणी मागवा. आईचा चेहरा बघू नका. संध्याकाळी कुपवाड फाट्याकडे चालत जा, कारण आता तुम्ही चालणारे झाला आहात. वाटेतल्या खड्ड्यापाशी थांबून जुन्या मित्राला त्याची खोली समजावून सांगा. माझा मित्र माझं सगळं ऐकून घेऊन म्हणाला, “तू हुतास तवाबी ह्यो हितंच हुता की. तू त्याला चुकवून गाडी मारायचास. आता हुभारून बघायलास, एवढाच फरक.”

हा माणूस पुस्तिकेच्या दृष्टीनं निरुपयोगी आहे. चहाचे पैसे त्यानंच दिले.

पायरी चौथी : उपाय पाठवणे

परत आल्यावर पंधरा दिवसांत सादरीकरण तयार करावं. माझं पाण्यावर होतं, चौदा पानांचं, बाणांसकट. दाब, गळती, मीटर, वेळापत्रक. गटावरच्या एका काकांनी अंगठा दाखवला, दुसऱ्यांनी गुड मॉर्निंगचं फूल. मला राग आला होता. पुढे कधीतरी वाचलं की आटपाडीला 1993 पासून पाणी परिषद भरते. नागनाथअण्णा नायकवडी आणि भारत पाटणकर यांच्यासोबत हजारो माणसं दुष्काळी पट्ट्याला कृष्णेचं पाणी मिळावं म्हणून वर्षानुवर्षं जमत राहिली, मोर्चे काढत राहिली, आणि कृष्णेचं पाणी कराडजवळून टेंभू योजनेनं उपसून तिकडं चढायला त्यातली कितीतरी वर्षं गेली. माझं सादरीकरण एका शनिवारी झालं होतं.

नवशिक्यांनी विमानात ‘स्वदेस’ बघू नये. 2004 चा सिनेमा. नासातला माणूस गावी येतो आणि ओढ्याच्या पाण्यावर वीज तयार करतो. गाव पडद्यावर उत्तरेतलं आहे, पण शूटिंग आपल्या वाईजवळच्या मेणवलीचं, त्यामुळे घाट ओळखीचा निघतो आणि गळा जास्तच दाटून येतो. दाटलेल्या गळ्यानं चौदाची चाळीस पानं होतात.

पायरी पाचवी : पूर (ही पायरी लांब आहे)

ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 57.5 फुटांवर गेली. तिथं 40 फूट म्हणजे इशारा आणि 45 फूट म्हणजे धोका. कुपवाड उंचावर असल्यामुळे मावशी गावभागातून चार पिशव्या आणि गॅसची शेगडी घेऊन आमच्या घरी आली होती. मी श्टुटगार्टच्या कॅन्टीनमध्ये कागदी रुमालावर कृष्णा काढत होतो. इथं कोयना, इथं सांगली, इथं वारणा येऊन मिळते, इथं खाली कर्नाटकात अलमट्टी. नदीच्या अंगावर केलेली बांधकामं, ओढे बुजवून पाडलेले प्लॉट, धरणातून कधी किती सोडलं याचा दोन राज्यांतला वाद, सगळं मी एका कॉफीत बसवलं. सहकाऱ्यांनी माना हलवल्या. एकजण सहानुभूतीनं म्हणाला की असं इथं होणं अवघड आहे. इथं सगळं आधीच मोजलेलं असतं. मीही मान हलवली. आपल्या देशाची अब्रू आपणच पद्धतशीर मांडून दाखवली की एक समाधान मिळतं, ते इतर कशात नाही.

14 जुलै 2021 च्या रात्री जर्मनीच्या पश्चिमेला आर नावाची नदी फुगली. ऱ्हाईनची उपनदी, लांबी नव्वद किलोमीटरही नाही. त्या एका खोऱ्यात 130 च्या वर माणसं गेली, सगळ्या जर्मनीत 180 च्या वर. पाणी मोजायचं ठाणंच पाण्यानं नेलं. लोकांना घराबाहेर काढायचा आदेश रात्री अकरानंतर निघाला. 1804 आणि 1910 मध्ये त्याच खोऱ्यात मोठे पूर येऊन गेले होते, पण धोक्याचे नकाशे काढताना ते हिशेबात धरले नव्हते. त्याआधीच्या सप्टेंबरात देशभर इशाऱ्याची चाचणी घेतली गेली होती. फोनवरचा इशारा अर्धा तास उशिरा आला. म्हणजे चाचणी नापास झाली, आणि पुढच्या पावसाळ्यात परीक्षा आली.

थोड्याच दिवसांत, त्याच जुलैमध्ये, आयर्विन पुन्हा 50 फुटांच्या पुढं. मावशी पुन्हा आमच्याकडे, तीच शेगडी. फोनवर तिनं मला पाण्याचं सगळं सांगितलं. आधी सूर्यवंशी प्लॉटात शिरतं, कर्नाळ रोड बंद होतो, मग दत्तनगर, मग कुणाच्या जिन्याची कितवी पायरी बुडते. टीव्ही लावण्याआधी सांगलीतला माणूस ‘आयर्विनला किती?’ असं विचारतो आणि उत्तर ऐकून फ्रीज माळ्यावर चढवायचा की नाही ते ठरवतो. कॅन्टीनमध्ये रुमालावर नदी काढताना मला मावशी आठवली नव्हती. अलमट्टी आठवलं होतं.

इथं नवशिके लगेच दुसऱ्या टोकाला जातात आणि आपल्या मातीतलं शहाणपण वगैरे सुरू करतात. थांबा. 2019 च्या त्याच पुरात पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला माणसं वाचवून नेणारी बोट उलटली आणि माणसं बुडाली. त्यांनाही फुटांचा हिशेब येत होता. बोटी कमी होत्या, एवढंच.

पायरी सहावी : तिकडचं दिसू लागणे

साधारण सातव्या वर्षी नजर फिरते. जर्मनीत 2024 मध्ये लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी 62.5 टक्केच वेळेवर धावल्या, तेही सहा मिनिटांच्या आतला उशीर माफ करून. रद्द झालेली गाडी उशिरात धरत नाहीत, कारण जी आलीच नाही तिला उशीर कसा होईल? हा युक्तिवाद वाचून मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. सरकारी कागदासाठी अपॉइंटमेंट, तिच्यासाठी महिने. प्लॅस्टिकच्या बाटलीवर 25 सेंट अनामत असते, म्हणून रात्री स्टेशनवर नीटनेटक्या कोटातले म्हातारे कचऱ्याच्या डब्यात हात घालून बाटल्या शोधताना दिसतात. फुटपाथच्या फोटोत ते कधी आले नव्हते. मी सकाळी काढले होते ना फोटो.

सप्टेंबर 2024 मध्ये ड्रेस्डेनला एल्ब नदीवरच्या कॅरोला पुलाचा एक भाग पहाटे कोसळला. शेवटची ट्राम नुकतीच त्यावरून गेली होती, म्हणून कुणी दगावलं नाही. बातमी मला आण्णांनी पाठवली. खाली लिहिलं होतं, ‘तुमच्याकडचा पूल पडला वाटतं.’

तुमच्याकडचा. मला का कोण जाणे झोंबलं. ड्रेस्डेन माझ्यापासून पाचशे किलोमीटर. मी तिथं कधी गेलो नव्हतो. तरी मी लगेच फोन लावून कारणं द्यायला लागलो, की 1971 चा पूल, काँक्रीटच्या आत ताणलेल्या पोलादी तारा असतात, त्या गंजून आतल्या आत तडकतात, बाहेरून कळत नाही. आण्णांनी निम्मी हयात ओतकामात घालवलेली. पोलाद कसं तडकतं ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. सगळं ऐकून म्हणाले, “व्हय व्हय. आमच्यातबी कारणं असत्यात.” आणि मग जाता जाता, “आयर्विन एकोणतीस सालचा हाय.”

पायरी सातवी : केर

खरं तर ही माझ्या पहिल्याच वर्षात घडली, पण तिचा अर्थ लागायला वेळ लागला, म्हणून इथं घातली आहे.

श्टुटगार्ट आणि आजूबाजूच्या श्वाबी मुलखात घरोघरी ‘केरवोखं’ पाळतात. खालच्या मजल्यावरच्या आजी हा शब्द पहिल्यांदा बोलल्या तेव्हा मला वाटलं या बाईला मराठी येतं. ‘केर’ म्हणजे तिकडंही झाडणंच, ‘वोखं’ म्हणजे आठवडा. इमारतीतल्या एकेका घराच्या दारावर एक पाटी लटकवतात. ती तुमच्या दाराला आली की त्या आठवड्यात जिना, तळघराचा बोळ आणि घरासमोरचा फुटपाथ तुम्ही झाडायचा. रिवाज पंधराव्या शतकाइतका जुना आहे म्हणतात. शहरानं 1988 मध्ये सक्ती काढून टाकली, पण आजींना ते कुणी कळवलं नव्हतं. ज्या फुटपाथचा फोटो मी ‘सिस्टीम’ म्हणून पाठवला होता तो त्या आठवड्यात त्यांनी झाडलेला होता.

पाटी माझ्या दारावर आली तेव्हा मी ती शोभेची समजून दोन दिवस तशीच ठेवली. तिसऱ्या दिवशी आजी झाडू घेऊनच आल्या. सव्वीस वर्षांचा इंजिनियर, मायक्रॉनमध्ये मोजमाप करणारा, आणि जिना वरून खाली झाडायचा की खालून वर हे मला ठाऊक नव्हतं. आईला व्हिडिओ कॉल लावून दाखवलं. ती पोट धरून हसली. “खुळ्यागत काय धरलायस, झाडू हाय का बॅट?” हसून झाल्यावर तिनं विचारलं, “तिथं बाप्यांनाबी झाडायला लागतंय?”

“सगळ्यांना. एक आठवडा ह्यांनी, एक त्यांनी.”

“सगळ्यांना,” ती म्हणाली. बराच वेळ काही बोलली नाही. मग तिकडं कुकरची शिट्टी झाली आणि ती उठून गेली.

आजींनी एकदा सहज विचारलं, तुमच्याकडे घरासमोरचं कोण झाडतं? आत आई, आणि रस्त्यावर एक माणूस येतो, असं मी सांगितलं. त्याचं नाव काय? मला त्याची शिट्टी माहीत होती, ढकलगाडीच्या चाकाचा आवाज माहीत होता. तो बारा वर्षं आमच्या दारावरून गेला असेल. आजींनी वाईट वाटून घेऊन विचारलं नव्हतं, गप्पांत विचारलं होतं. त्यामुळेच ते मनात राहिलं.

त्या हिवाळ्यात माझी व्हिसाची मुदतवाढ अडकली होती आणि मी व्हिसाबद्दल मिळेल ते वाचत होतो. अशात ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ नावाचं काहीतरी समोर आलं. बाबासाहेब आंबेडकरांच्या आठवणी निघाल्या. वडील खटाव तालुक्यात दुष्काळी तलावाच्या कामावर कॅशियर होते. 1901 मध्ये त्यांना भेटायला साताऱ्याहून निघालेली पोरं मसूर स्टेशनला उतरली. नवे कपडे, जरीच्या टोप्या. स्टेशनमास्तरनं जात विचारली, पोरांनी सांगितली, आणि स्टेशनाबाहेरचा एकही गाडीवान दुप्पट भाडं देऊनही बसवायला तयार होईना. शेवटी पोरांनीच गाडी हाकायची आणि गाडीवानानं बाजूनं चालायचं असं ठरलं. बरोबर खायला होतं. रात्रभर पाणी कुठं मिळालं नाही.

मसूर मिरज-पुणे मार्गावर आहे. मी त्या स्टेशनातून किती वेळा गेलो असेन. विमान पकडायला निघालो त्या दिवशीही गेलो, मांडीवर भडंगाची पुडी होती. ते स्टेशन मला पहिल्यांदा दिसलं ते श्टुटगार्टच्या खोलीत.

आणि पुढे त्यात बडोदा आहे. न्यूयॉर्क-लंडनहून 1917 मध्ये परत आलेला तो माणूस बडोद्याला नोकरीवर गेला. परदेशातल्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत याची जाणीवच पुसली गेली होती, असं ते लिहितात. स्टेशनाबाहेर पडताना प्रश्न आला की जायचं कुठं, उतरवून घेईल कोण. पारशी धर्मशाळेत खोली मिळाली ती पारशी नाव सांगून. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन माणसं आली.

म्हणजे परदेशातून आल्यावर मायदेश वेगळा दिसतो ही गोष्ट त्यांनी आमच्या कितीतरी आधी लिहून ठेवली होती. फरक इतकाच की त्यांना प्रश्न दिसायला बोटीत बसावं लागलं नव्हतं. साताऱ्याच्या शाळेत घरून नेलेल्या गोणपाटावर बसायला लागत होतं तेव्हापासून तो दिसत होता. परदेशानं त्यांना, दिसला नाही तर कसं वाटतं, ते दाखवलं. मला तिकीट काढावं लागलं. दोन्हीला ‘परदेशानं नजर बदलते’ असं एकच नाव देणारी पुस्तिका भेटली तर बाजूला ठेवावी. ही सुद्धा.

पायरी आठवी : पाणी भरणे

गेल्या डिसेंबरात घरी गेलो होतो. शरीर अजून तिकडच्या वेळेवर होतं, त्यामुळे पावणेपाचला टक्क जागा. बाहेर नळाची गुरगुर सुरू झाली, आधी नुसती हवा. परसात गेलो तर आई पाटल्या मागे सारून पाइप जोडत होती. सत्तरीच्या जवळ आली आहे. मी म्हणालो, “दे, मी भरतो.”

“तू झोप जा. तुला जमायचं न्हाई.”

“त्यात काय आहे न जमण्यासारखं?”

तिनं माझ्याकडे बघितलं, मग पाइप हातात दिला आणि पायरीवर बसून सांगायला लागली. ती सांगेल तसं मी केलं, आणि चौदा पानांचं सादरीकरण ज्या मोबाईलमध्ये होतं त्यातच मागून सगळं उतरवून घेतलं. नवशिक्यांसाठी जसंच्या तसं देतो.

पहिल्या दोन बादल्या गढूळ येतात, त्या झाडांना. मग तांब्याचा हंडा, पिण्याचा, तो कापड लावून. मोटर लगेच लावायची नाही; पलीकडच्या काकूंचं पिण्याचं भरलं का ते भिंतीवरून विचारायचं, त्यांच्याकडं धार बारीक असते. मोटर लावणं नियमात बसत नाही, पण सगळे लावतात, म्हणून निदान काकूंच्या आधी लावू नये. वरची टाकी भरत आली की पाइपचा आवाज बदलतो, तो ओळखायचा. वर चढून बघत बसलं तर खाली बॅरेल राहतं. बॅरेल गळ्यापर्यंत भरायचं नाही, वाकून काढताना पाठ धरते. शेवटचं पाणी अंगणात मारायचं, तेवढ्यात शिट्टी वाजते.

पाणी पावणेसहाला जातं.